ग्रुपवर गप्प असलेल्यांचं काय?

‘आज सायंकाळी ७ वाजता ऑनलाइन प्रशिक्षण आहे. सर्वांची उपस्थिती अनिवार्य. कॅमेरा सुरू ठेवावा.’ असा निरोप दुपारी तीनच्या सुमारास ग्रुपवर पडतो, त्याखाली पटापट अंगठे उमटतात आणि पाठवणारा निश्चिंत होतो. सात वाजता निम्म्या बाया नसतात. दुसऱ्या दिवशी अनुपस्थितांची यादी त्याच ग्रुपवर लागते आणि कुणीतरी म्हणतं, ‘यांना शिकायचंच नाही.’

शिकायचं असतं. पण सातला त्या चुलीपाशी असतात. फोन शेतावरून आलेल्या नवऱ्याच्या किंवा बारावीतल्या मुलाच्या हातात असतो. घर एका खोलीचं असेल तर कॅमेऱ्यात मागे खाटेवर बसलेले सासरे दिसणार असतात. वेळ, फोन आणि घर, तिन्ही गोष्टी त्या छोट्याशा निरोपात परस्पर गृहीत धरलेल्या होत्या.

हा लेख असे निरोप पाठवणाऱ्यांसाठी आहे: मुख्याध्यापक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, बचत गटांचे समन्वयक, ग्रामसेवक, शिकवणी वर्ग चालवणारे, कारखान्यातले सुपरवायझर. सांगायचं ते इतकंच की ग्रुपवर किंवा ऑनलाइन वर्गात जे गप्प असतात, त्यांना बहुतेक वेळा आपली मांडणीच बोलू देत नाही. ती मांडणी ॲडमिनच्या हातात असते आणि बदलायला पैसा लागत नाही.

‘विविधता’ हा शब्द ऐकला की पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्या डोळ्यांपुढे येतात. आपल्या जिल्ह्याकडे जरा पाहा. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती आणि दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या. तुमसर, मोहाडीच्या कितीतरी घरांत पोवारी बोलतात, काही गावांत गोंडी अजून टिकून आहे, साकोली-लाखांदूरकडे झाडीबोली चालते. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींवर, वरठीच्या पोलाद कारखान्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत बाहेरून आलेल्या माणसांमुळे हिंदी कामाची भाषा होऊन बसते. बौद्ध, कुणबी, तेली, कोहळी, ढिवर, पोवार, हलबा, गोंड, मुस्लिम अशी सगळी मंडळी एकाच पंचायत समितीच्या ग्रुपवर असतात. एवढी सरमिसळ एका पडद्यावर आणायची तर थोडी शिस्त लागते.

पहिली गोष्ट फोनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं: तुम्ही कधी इंटरनेट वापरलं आहे का? देशभरात साधारण तिघींपैकी एकीनं होकार दिला. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं. स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. त्यानंतर फोन वाढले, हे खरं. पण घरात फोन असणं आणि तो आपल्या हाती असणं यांतलं अंतर फोनच्या संख्येनं मिटत नाही. करोनाच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत राज्यभर व्हॉट्सॲपवरून अभ्यास धाडला गेला. घरात एकच फोन आणि शिकणारी दोन-तीन मुलं, तेव्हा तो आधी कुणाकडे गेला, हे ज्यांच्या घरात मुलगी होती त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहावं.

म्हणून कुणालाही ग्रुपवर घेण्याआधी एकदा विचारा: हा नंबर तुमचा की घरातल्या कुणाचा, आणि फोन तुमच्या हातात केव्हा असतो? नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असेल तर त्यावर खासगी काही धाडू नका. गरोदरपणाची नोंद, गुणपत्रिकेवरचा शेरा, कर्जाचा थकलेला हप्ता या गोष्टी प्रत्यक्ष भेटीसाठी ठेवा. वर्ग थेट घ्यायचा तर घ्या, पण ध्वनिमुद्रण आणि दोन पानांचं टिपण त्याच रात्री पाठवा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ ज्यात निम्मा वेळ ‘आवाज येतोय का?’ असं विचारण्यात जातो, तो कुणी पाहत नाही. आठ-दहा मिनिटांचे नुसत्या आवाजाचे तुकडे कमी डेटात उतरतात आणि स्वयंपाक करताना ऐकता येतात.

वेळेचं गणित भाताच्या गावात तर आणखी वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी सुरू असते. तेव्हा सकाळी आठपासून बाया चिखलात उभ्या असतात, त्यामुळे एरवी बरी वाटणारी दुपारची वेळही कामाची नाही. पऱ्हे काढण्यापासून रोवणी संपेपर्यंत ऑनलाइन प्रशिक्षण न ठेवणं सर्वांत शहाणपणाचं. दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि चुरणी, त्यात गावोगावची मंडई. उन्हाळ्यात जंगलालगतच्या गावांत मोहफूल आणि तेंदूपत्ता. सणांचंही तसंच. पोळा, दिवाळी आपल्याला सांगावी लागत नाही, पण १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दोन्ही ईद आणि माघ पौर्णिमेच्या सुमाराची कचारगडची यात्रा या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. दीक्षाभूमीला गेलेल्या विद्यार्थ्याची त्याच दिवशी ऑनलाइन चाचणी लावली, तर तो तुम्हाला काही म्हणणार नाही. मनात मात्र ठेवेल.

वेळ ठरवायला ग्रुपवर मतदान घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तिच्यात एक खोट आहे. कुणी कुठल्या पर्यायाला मत दिलं ते सर्वांना दिसतं. साहेबांनी ‘संध्याकाळी ७’वर बोट ठेवलं की मागोमाग सगळ्यांची बोटं तिथंच जातात. त्यापेक्षा तीन-चार जणींना वेगळा फोन करून विचारा. सुरुवातीला दिलेला निरोप मग असा लिहिता येईल:

‘गुरुवारी दुपारी १ ते १.४५ नोंदींचं प्रशिक्षण. जमणार नसेल तर हरकत नाही, ध्वनिमुद्रण व टिपण रात्रीपर्यंत मिळेल. कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. अडचण असेल ती मला आवाजी निरोपानं कळवा. नाव न घेता सर्वांसाठी उत्तर देईन.’

दोन वाक्यं जास्त झाली, पण त्यांतलं शेवटचं सर्वांत जास्त उपयोगाचं आहे. आपल्याकडे ‘समजलं का?’ या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर ‘हव जी’ असतं. समजलं नसलं तरी. वरच्या पदावरच्या माणसाला सर्वांसमोर ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, आणि पडद्यावर चाळीस चेहरे असताना तर अधिकच. त्यामुळे ‘समजलं का?’ विचारणं सोडून द्या. ‘नोंद करताना आधी काय उघडायचं, ते सांगता का?’ असं विचारा, आणि विचारल्यावर थांबा. ऑनलाइनमध्ये आवाज पोहोचायला, म्यूट काढायला, धीर गोळा करायला वेळ लागतो. प्रशिक्षकाला ती शांतता असह्य होते आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मनात दहा आकडे मोजा. मोठ्या सभेआधी पाच-सात जणींचा छोटा कॉल घेतला आणि त्यांचे प्रश्न सभेत त्यांच्याच नावानं, त्यांना विचारून, मांडले तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्या स्वतः बोलू लागतात.

भाषेविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथं बाई असणं आणि झाडीपट्टीतली असणं या दोन गोष्टी एकत्र येतात. आपल्या भागातल्या कितीतरी बाया ‘मी येतो’, ‘मी सांगतो’ असं म्हणतात, ‘पानी’ म्हणतात, ‘डोरा’ म्हणतात. ही या मुलखाची रीत आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास आयुष्यभर केला, तिचं साहित्य उभं केलं. पण ऑनलाइन प्रशिक्षणात पुण्याकडचा एखादा वक्ता अशा वाक्यावर सहज हसतो, आपल्याच जिल्ह्यातले चार जण हसण्याचे इमोजी टाकतात, आणि ती बाई त्या दिवसानंतर फक्त अंगठे पाठवते. बाहेरून वक्ता बोलावलात तर त्याला आधीच सांगून ठेवा, आणि हसू उमटलंच तर लगेच म्हणा, ‘ताई, तुमच्या बोलीतच सांगा, आम्हाला कळतं.’ ग्रुपवर कुणाचं शुद्धलेखन चारचौघांत सुधारू नका. हा मोह मास्तर लोकांना फार होतो.

भाषेकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण राज्यानं पाहिलं आहे. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं आणि अंगणवाडी सेविकांना त्यात इंग्रजीतून नोंदी करायला सांगितलं गेलं. हातात दिलेले फोन तापणारे, अडकणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी ते सरकारी फोन परत करण्याचं आंदोलन केलं. तक्रार कामाविरुद्ध नव्हती. बालकाचं वजन, उंची, आहार या नोंदी त्या वर्षानुवर्षं रजिस्टरमध्ये मराठीत करतच होत्या. त्याच सेविका फोनवर आल्यावर ‘अडाणी’ ठरू लागल्या. तुमच्या संस्थेचा फॉर्म किंवा ॲप इंग्रजीत असेल आणि बदलणं तुमच्या हातात नसेल, तर निदान प्रत्येक रकान्याचा मराठी अर्थ लिहिलेला एक फोटो ग्रुपच्या वर्णनात कायमचा ठेवा. गोंडी बोलणाऱ्या गावात आशा सेविकेलाच ध्वनिमुद्रण करू द्या. तिची गोंडी तुमच्या प्रमाण मराठीपेक्षा जास्त घरांत पोहोचेल.

खाणी आणि कारखान्यांत याच्या उलट बाजूनं पाहावं लागतं. तिथं गप्प राहणारा बहुधा ओडिशा, बिहार किंवा छत्तीसगडहून आलेला कंत्राटी पुरुष असतो, आणि मराठीतला सुरक्षिततेचा निरोप त्याच्यासाठी कोरा असतो. सुरक्षिततेचं काहीही असेल तर मराठी आणि हिंदी दोन्हींत, लिखित आणि आवाजी दोन्ही. इथं अस्मितेचा प्रश्न उभा करू नये.

आता आडनाव. सभेच्या सुरुवातीला ‘पूर्ण नाव सांगा’ असं म्हणायची आपली पद्धत आहे. पूर्ण नावातून काय काढायचं असतं ते सर्वांना माहीत असतं. २९ सप्टेंबर २००६ ला याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्या जिल्ह्यात बसून जात आता कुठं राहिली, असं कुणी म्हणू नये. ऑनलाइन हजेरीत पहिलं नाव आणि गाव पुरेसं आहे. नाव सारखं असेल तर क्रमांक जोडा. शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या, घरकुलाच्या याद्या प्रवर्गाच्या रकान्यासकट ग्रुपवर टाकणं ताबडतोब बंद करा. अर्ज क्रमांक आणि ‘मंजूर’ किंवा ‘कागद बाकी’ एवढंच लिहा, उरलेलं ज्याचं त्याला वेगळं कळवा. अशा याद्या टाकण्याच्या एका सवयीमुळे वर्गातली मुलं एकमेकांच्या जाती ज्या सहजतेनं शिकतात, तितक्या सहजतेनं पाढेही शिकत नाहीत.

आरक्षणावरचे विनोद, एखाद्या समाजाच्या जेवणावरची टर, ‘अमुक लोक असेच’ असले फॉरवर्ड कार्यालयाच्या ग्रुपवर आले की बहुतेक ॲडमिन दुर्लक्ष करतात. वाद नको म्हणून. पण ज्याच्यावर विनोद असतो त्याला ॲडमिनचं मौन पसंतीसारखंच वाचता येतं. अशा वेळी लांबलचक प्रवचन देऊ नका, विनोद करणाऱ्याला सर्वांसमोर झाडूही नका. निरोप काढून टाका, खाली एक ओळ लिहा: ‘या ग्रुपवर असे निरोप चालणार नाहीत.’ आणि त्या माणसाला फोन करा. दुसऱ्यांदा घडलं तर वरिष्ठांना लेखी कळवा. जातीवाचक अपमान असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव फार लांब नेत नाही.

हाक मारण्यातही एक बारीक भेद असतो. एकाच पदावरचे दोघे, पुरुष असेल तर ‘साहेब’ आणि बाई असेल तर ‘ताई’. ताई म्हणण्यात माया असते, हे मान्य. पण ठरावावर चर्चा सुरू असताना एकाला पद आणि दुसरीला नातं मिळालं की दोघांच्या मताचं वजन वेगळं होतं. औपचारिक सभेत सर्वांनाच पदानं हाक मारा, चहाच्या वेळी ताई म्हणा. नोटिशीत ‘शिक्षक बंधूंनो’, ‘कामगार बंधूंनो’ लिहायची गरज नाही. ‘सर्व शिक्षकांनी’, ‘सर्व कामगारांनी’ हे मराठीत सहज बसतं. मराठीची आणखी एक सोय आहे: ‘तुम्ही आलात का’, ‘पाठवलंत का’ ही रूपं स्त्री, पुरुष, तृतीयपंथी सर्वांना सारखीच लागतात. कुणाची ओळख ठाऊक नसेल तेव्हा ती वापरा. कुणी आपली ओळख सांगितली तर तिच्यानुसार आली, आला म्हणा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नाल्सा निकालानं स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे आणि २०१९ मध्ये कायदाही झाला. नोंदणी फॉर्मवर तिसरा पर्याय ठेवा, आणि लिंग विचारायची गरजच नसेल तर तो रकाना काढून टाका. अर्ध्या फॉर्मांत तो उगाचच असतो.

सरपंच बाईंचं प्रशिक्षण हा एक स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. ऑनलाइन बैठकीत मात्र बाईंच्या नावाच्या चौकटीतून नवऱ्याचा आवाज येतो. प्रत्यक्ष सभेत निदान कोण बसलंय ते दिसतं, इथं तेही नाही. आयोजकानं शांतपणे म्हणावं, ‘सरपंच मॅडमशी बोलायचं आहे, त्यांच्या सोयीची वेळ सांगा, आम्ही थांबतो.’ आणि खरंच थांबावं. पहिल्या दोन बैठका त्यामुळे लांबतील. बाई पहिल्यांदा बोलतील तेव्हा प्रश्न त्यांच्या माहितीतला विचारा. गावातल्या नळाचा, मामा तलावाच्या पाळीचा, शाळेच्या पोषण आहाराचा. नियमाचं कलम विचारून त्यांना पहिल्याच दिवशी अडचणीत आणू नका.

आणि बाईचा नंबर ही तिची खासगी गोष्ट आहे, हे आपण साफ विसरलो आहोत. साध्या ग्रुपवर शंभर जणांना तिचा नंबर दिसतो. मग रात्री अकराचे गुड नाइट, ‘डीपी छान आहे’, मागोमाग कॉल. ती तक्रार करत नाही, कारण घरी कळलं तर आधी फोन जाईल, मग वर्ग, मग नोकरी. यावर ॲडमिननं करायच्या गोष्टी सोप्या आहेत. नुसत्या सूचनाच द्यायच्या असतील तर व्हॉट्सॲपची कम्युनिटी बनवा. तिच्या घोषणा-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर उघड दिसत नाहीत. चर्चेचा ग्रुप वेगळा आणि छोटा ठेवा. सकाळी आठच्या आधी आणि रात्री आठनंतर तातडीशिवाय निरोप नाही, असा नियम वर्णनात लिहा आणि आधी स्वतः पाळा. शिक्षकानं विद्यार्थिनीला कामाचं काही कळवायचं तर वर्गाच्या ग्रुपवर, किंवा दुसऱ्या शिक्षिकेला जोडून. बायांनी आपल्या फोनमध्ये गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल फोटो आणि ‘ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं’ या दोन्ही ठिकाणी ‘माझे संपर्क’ निवडावं. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सर्वांकडून हे करून घ्या, पाच मिनिटं लागतात.

एवढं करूनही त्रास झाला तर? कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. त्याच्या मागे १९९७ चा विशाखा निकाल आहे आणि त्या निकालामागे राजस्थानातल्या भंवरीदेवी, गावपातळीवर मानधनावर सरकारी काम करणारी ‘साथिन’. आपल्या अंगणवाडी सेविकेसारखीच. या कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या रुंद आहे: कायम, हंगामी, रोजंदारी, कंत्राटी, शिकाऊ, मानधनावरची, स्वयंसेवी, सगळ्या तिच्यात येतात. आशा सेविकाही. कामाच्या संदर्भातले अश्लील निरोप, चित्रं, नको असताना केलेले इशारे फोनवरून झाले म्हणून कायद्याबाहेर जात नाहीत.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. समितीची माहिती दिसेल अशा जागी लावायची असते. तुमच्या कार्यालयात ती लागलेली आहे का, उद्या जाऊन पाहा, आणि तोच कागद ग्रुपच्या वर्णनातही टाका. दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान, दवाखाना, शिकवणी वर्ग, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची नियमावली आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी. तसंच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर समितीनं लिहून घ्यायला मदत करावी, असं कायदाच सांगतो. नको म्हटल्यावरही ऑनलाइन पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस ठाणं. सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१.

त्रासाचे निरोप रागानं पुसून टाकू नका, हे मुलींना आधीच सांगून ठेवा. ते असलेला फोन विकू किंवा बदलू नका. संभाषण ‘एक्स्पोर्ट’ करून विश्वासातल्या एकीच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. स्क्रीनशॉट घेताना समोरच्याचं सेव्ह केलेलं नाव नको, नंबर दिसू द्या, आणि तारीख-वेळ कापली गेली नाही ना, ते पाहून घ्या.